उताऱ्यातील लेखक आणि परीक्षेतील वाचक

प्रश्नपत्रिका हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकास सहसा पडत नाही. परीक्षा ही शिक्षणशास्त्राच्या कक्षेतील बाब आहे, असे मानून तो तिच्याकडे पाठ फिरवितो. परंतु जेथे परीक्षाच वाचनाची एक विशिष्ट कल्पना गृहीत धरते आणि त्या कल्पनेप्रमाणे हजारो तरुणांना महिनोन् महिने वाचावयास लावते, तेथे ही उपेक्षा योग्य ठरत नाही. अमेरिका व कॅनडा येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस ही संस्था जी 'मेडिकल कॉलेज ॲडमिशन टेस्ट' (एम्‌कॅट) घेते, तिच्यात चार पत्रिका असतात. त्यांपैकी तीन विज्ञानाच्या आहेत. जीवशास्त्र, रसायन व पदार्थविज्ञान यांबरोबर २०१५ पासून मानसशास्त्र व समाजशास्त्र यांचाही त्यांत अंतर्भाव झाला आहे. चौथ्या पत्रिकेत मात्र विज्ञानाचे अक्षरही नसते. नऊ उतारे, त्रेपन्न प्रश्न, नव्वद मिनिटे. उतारे प्रत्येकी सुमारे पाचशे ते सहाशे शब्दांचे असून ते मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांतून निवडलेले असतात. चिकित्सक विश्लेषण आणि तर्क यांची ही पत्रिका होय. सोयीसाठी तिला येथे वाचनपत्रिका म्हटले आहे.

या वाचनपत्रिकेचा मूलभूत दंडक एकच आहे : उत्तरासाठी उताऱ्याबाहेरचे ज्ञान लागणार नाही, आणि ते आणूही नये. वरवर पाहता ही निव्वळ परीक्षेची सोय वाटते. कारण कोणी इतिहास शिकलेला, कोणी संगीत, कोणी यांपैकी काहीच नाही, अशा सर्वांना एका पातळीवर आणावयाचे तर दुसरा मार्ग कोणता? आणि या सोयीमागे इतिहासही आहे. १९२८ मध्ये मॉस यांनी सिद्ध केलेल्या पहिल्या कसोटीत स्मरणशक्ती, शास्त्रीय शब्दसंग्रह व छापील मजकुराचे आकलन ही सारी शेजारी शेजारी बसली होती. पुढे १९६२ च्या रचनेत 'सामान्य माहिती' असा एक स्वतंत्र विभाग होता. १९७७ मध्ये तो गेला आणि वाचनकौशल्याचा विभाग आला. उमेदवाराला काय ठाऊक आहे, याऐवजी तो कसा वाचतो, हे विचारण्याकडे परीक्षा अशा रीतीने सरकत गेली. परंतु सोयीतून जन्मलेला दंडक हाही एक वाचनसिद्धान्तच असतो, आणि सिद्धान्त म्हणून त्याची तपासणी व्हावयास हवी.

मराठी वाचकाला हा दंडक अपरिचित नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या आरंभीच लोकमान्य टिळकांनी हाच वाद उभा केला आहे. टीकाकारांनी आपापला संप्रदाय गीतेत पाहिला. ग्रंथाचे तात्पर्य ग्रंथावरूनच ठरविले पाहिजे. आणि ते ठरविण्याची साधने मीमांसकांनी पूर्वीच सांगून ठेवली आहेत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ति ही ती साधने, म्हणजे तात्पर्याची सहा लिंगे. ग्रंथ कोठे सुरू होतो व कोठे संपतो, त्यात पुन्हा पुन्हा काय येते, इतर प्रमाणांनी न कळणारे असे तो काय सांगतो, त्याचे प्रयोजन काय, त्यातील स्तुतिनिंदा कशासाठी आहे आणि युक्तिवाद कोणत्या बाजूने झुकतो, हे पाहून तात्पर्य निश्चित करावयाचे. वाचनपत्रिकेतील 'लेखकाचा मुख्य मुद्दा कोणता' हा प्रश्न म्हणजे तात्पर्यनिर्णयाचाच प्रश्न आहे. या लिंगांच्या आधारे तो प्रश्न तपासला, तर परीक्षेचे बळ व तिची उणीव ही दोन्ही उघड होतात.

त्यासाठी एक कल्पित उतारा घेऊ. जुन्या काळच्या नगरांच्या नकाशांविषयी कोणी लिहीत आहे. त्या नकाशांत देवळे आणि विहिरी मोठ्या, रस्ते मात्र बारीक. पुढच्या काळातील मोजणीदारांनी हे नकाशे चुकीचे ठरविले, असे पहिल्या परिच्छेदात सविस्तर येते. दुसऱ्या परिच्छेदात लेखक म्हणतो की, मोजणीदार अंतर मोजीत होते, नकाशा मात्र गरज मोजीत होता. आणि आवेशाच्या भरात तो असेही लिहून जातो की, या कागदापुढे आजचे सारे नकाशे मुके आहेत. शेवटी तो कबूल करतो की, असा नकाशा हाती घेऊन निघालेला परका प्रवासी मात्र वाट चुकला असता. आता प्रश्न : लेखकाचे मत कोणते? पर्याय चार. जुने नकाशे सदोष होते. जुने नकाशे नव्यांपेक्षा सर्वथा श्रेष्ठ होते. जुन्या नकाशाकारांजवळ मोजणीची साधने नव्हती. नकाशाचे खरेखोटेपण त्याच्या प्रयोजनावर अवलंबून असते.

यांतील चुकीचे पर्याय कसे घडविले आहेत ते पाहण्यासारखे आहे. पहिला पर्याय पूर्वपक्षालाच सिद्धान्त समजणाऱ्या वाचकासाठी मांडला आहे. मोजणीदारांचे म्हणणे लेखकाने इतक्या प्रामाणिकपणे दिले की, घाईने वाचणाऱ्यास ते त्याचेच वाटावे. दुसरा पर्याय अर्थवादाला शब्दशः घेणाऱ्यासाठी आहे. मुक्या नकाशांचे वाक्य हे स्तुतिवाक्य आहे, प्रतिपाद्य नव्हे. तिसरा सर्वांत बेमालूम. तो जगात खराही असू शकेल, आणि नेमके म्हणूनच जाणत्या उमेदवाराला तो भुलवितो. पण उतारा ते सांगत नाही. जे अन्य प्रमाणाने कळते ते वाक्याचे तात्पर्य नव्हे, हा अपूर्वतेचा नियम येथे मोडतो. म्हणजे फसव्या पर्यायांची ही मांडणी हा केवळ सापळा नाही. माणसे कशी चुकीचे वाचतात, याची ती आधीच तयार करून ठेवलेली वर्गवारी आहे.

हेच काम केंब्रिजमध्ये आय्. ए. रिचर्ड्‌स यांनी उलट दिशेने केले होते. कवींची नावे काढून टाकलेल्या कविता त्यांनी विद्यार्थ्यांना दिल्या, आठवडाभर त्यांच्याजवळ राहू दिल्या आणि त्यांनी मोकळेपणाने लिहून दिलेल्या अभिप्रायांवरून वाचनातील दोषांचे निदान केले. १९२९ चे 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक त्यातून झाले. वाचनपत्रिकेतही लेखक उमेदवाराला अपरिचितच असतो. परंतु रिचर्ड्‌स यांच्या वाचकाला आठवडा होता, येथे एका उताऱ्यास दहा मिनिटे आहेत; तेथे वाचक स्वतःच्या शब्दांत चुकत होता, येथे त्याला दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या चुकांपैकी एक निवडावी लागते. ज्याची चूक त्या तिहींत बसत नाही, त्याचे निदान ही परीक्षा करू शकत नाही.

आता चौथा, म्हणजे 'बरोबर' पर्याय. तो बरोबर आहे यात शंका नाही. पण तो पुरा आहे काय? उपसंहारातील ती कबुली, वाट चुकणारा तो परका प्रवासी, त्यात कोठे आहे? लेखकाने स्वतःच्याच सिद्धान्ताला शेवटी एक टाचणी लावली. पर्यायाने ती अलगद काढून घेतली आहे. मुरलेला वाचक नेमका येथे थबकतो. तो म्हणेल, प्रयोजनाची गोष्ट खरी, पण प्रयोजन ज्याला ठाऊक नाही त्याचे काय, हाच लेखकाचा अखेरचा विचार दिसतो. हे थबकणे हे उत्तम वाचनाचे लक्षण आहे, आणि परीक्षेच्या हिशेबात त्याची किंमत फक्त खर्ची पडलेल्या सेकंदांत होते. तेव्हा, परीक्षा चुकीचे वाचन चांगले ओळखते, परंतु बरोबर व उत्कृष्ट यांतील अंतर तिला दिसत नाही. प्रवेशपरीक्षेने ते पाहावे अशी अपेक्षाच अवाजवी आहे, असे कोणी म्हणेल. मान्य, पण मग तिच्या गुणांना 'चिकित्सक' हे विशेषण लावताना थोडा संकोच असावा.

पत्रिकेतील सर्वांत सकस भाग वेगळाच आहे. सुमारे चाळीस टक्के प्रश्न उताऱ्याच्या पलीकडे नेणारे असतात. बाहेरचे ज्ञान आणू नये आणि पलीकडे तर जावे, हा विरोधाभास प्रश्नकर्त्यांनी मोठ्या खुबीने सोडविला आहे : नवी माहिती प्रश्नातच दिलेली असते. समजा, अंतराच्या जागी प्रवासाचे दिवस लिहिलेला एक जुना नकाशा सापडला. तर लेखकाच्या युक्तिवादाला बळकटी येईल की बाधा? येथे उमेदवाराला मत सांगावयाचे नसते, उपपत्तीचे सांधे हलवून पाहावयाचे असतात. दिवस हेही एक मोजमापच. मग 'नकाशा अंतर मोजीत नव्हता' हे विधान किती टिकते? असा प्रश्न मराठीच्या पदव्युत्तर वर्गात एखाद्या समीक्षालेखावर विचारला गेला, तर उत्तरपत्रिकांचे स्वरूप पालटेल. 'उतारा वाचून खालील प्रश्नांची उत्तरे लिहा' या शालेय वळणात उताऱ्यातील वाक्य उचलून उत्तरात ठेवले की काम भागते. येथे ते भागत नाही.

या सर्वाचे तयारीच्या वाटेवर काय होते, हा खरा चिंतेचा भाग. उपक्रम-उपसंहार हे तात्पर्याचे लिंग आहे. काही मार्गदर्शिकांत त्याची युक्ती होते : पहिला व शेवटचा परिच्छेद वाचा, मधला चाळा. अर्थवादाचा विवेक 'सर्वथा', 'कधीही', 'केवळ' असे शब्द असलेला पर्याय खोडावा, या नियमापर्यंत आकसतो. हा नियम पुष्कळदा लागू पडतो, हेच त्याचे दुर्दैव. जो उतारा खरोखरच टोकाचे मत मांडतो, तेथे तो फसवितो. आणि लागू पडतो तेथेही उमेदवार उतारा वाचीत नसून पर्याय वाचीत असतो. अभिनवगुप्ताने सहृदयाची जी कल्पना मांडली, तीत काव्याच्या सततच्या अनुशीलनाने मनाचा आरसा स्वच्छ होणे ही अट आहे. युक्त्यांची तयारी तो आरसा पुसण्याऐवजी त्यावर खुणा करून ठेवते.

तथापि तयारीची एक पद्धत याला अपवाद आहे, आणि ती गंभीरपणे घ्यावी अशी आहे. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी एक वही ठेवावयाची, आणि तीत बरोबर उत्तर का बरोबर हे न लिहिता, चुकीचा पर्याय आपल्याला का पटला, हे लिहावयाचे. महिन्याभरात त्या वहीतून एक माणूस दिसू लागतो : पूर्वपक्षाला भुलणारा, किंवा स्वतःच्या माहितीचा मोह न आवरणारा, किंवा लेखकाशी मनातल्या मनात भांडताना त्याचे म्हणणेच विसरणारा. रिचर्ड्‌स यांनी इतरांच्या अभिप्रायांवर जे केले, तेच येथे उमेदवार स्वतःवर करतो. स्वतःच्या वाचनाचा असा पुरावा साहित्याचे किती अभ्यासक बाळगतात?

विज्ञानाच्या पत्रिकांकडे वळताच चित्र उलटते. तेथेही उतारे आहेत. प्रत्येक पत्रिकेतील एकोणसाठांपैकी चव्वेचाळीस प्रश्न उताऱ्यांवरच असतात. पण हे उतारे बाहेरच्या ज्ञानावाचून मुके राहतात. एखाद्या विकराच्या प्रयोगाचे कोष्टक दिलेले असते : निरोधक द्रव्य घातल्यावर क्रियेचा कमाल वेग तेवढाच राहिला, मायकेलिस स्थिरांक मात्र वाढला. हा निरोधक विकराच्या क्रियास्थानासाठी सब्स्ट्रेटशी स्पर्धा करणारा आहे, हे उताऱ्यात कोठेही लिहिलेले नसते. सब्स्ट्रेट भरपूर वाढविला तर निरोध ओसरतो, म्हणून कमाल वेग तोच राहतो, ही उपपत्ति उमेदवाराने बरोबर आणावयाची असते. अशा वेळी 'उताऱ्यात नाही ते आणू नये' असे म्हणणारा नापास होईल. उलट, कोष्टकात कमाल वेगही घटलेला दाखविला असेल आणि उमेदवार पाठ केलेली स्पर्धेची व्याख्याच चिकटवील, तर तोही नापास होईल. ज्ञान आणावयाचे, पण कोष्टकाने ते नाकारले तर मागे घ्यावयाचे, अशी ही दुहेरी शिस्त आहे.

एकाच दिवशी, एकाच आसनावर, उमेदवाराकडून दोन परस्परविरुद्ध वाचकांची भूमिका वठवून घेतली जाते, आणि परीक्षा त्यांतील संबंधाविषयी मौन पाळते. गुणही वेगवेगळे, प्रत्येक पत्रिकेस ११८ ते १३२ या पट्टीवर. वैद्याच्या व्यवसायात मात्र हे दोन वाचक वेगळे राहत नाहीत. छातीत जळजळते असे सांगणाऱ्या रुग्णाचे बोलणे प्रथम त्याच्याच शब्दांत, काही न मिळविता, ऐकावे लागते; आणि पुढच्याच क्षणी, जळजळ म्हणजे दर वेळी पित्तच नव्हे, हे बाहेरचे ज्ञान त्यात आणावे लागते. केव्हा थांबावे व केव्हा आणावे, ही जाण दोन पत्रिकांच्या मध्ये कोठेतरी आहे, आणि तेथे प्रश्न नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे वैद्यकीय विद्यालय तर या परीक्षेपैकी केवळ वाचनपत्रिकेचेच गुण विचारात घेते. त्याची कारणे काहीही असोत, पहिल्या वाचकाला त्याने दिलेला हा मान लक्षणीय आहे.

भारतातील नीटमध्ये हा पहिला वाचक अजिबात नाही. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्न व ७२० गुण होते. पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांचे प्रत्येकी पंचेचाळीस, जीवशास्त्राचे नव्वद. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. पण मराठीत काय वाचता येते, हे ती विचारीत नाही. दोन्हींची सरळ तुलना मात्र अन्यायाची ठरेल. नीट देणारा विद्यार्थी बारावीचा असतो, एम्‌कॅट देणारा बहुधा पदवीच्या उंबरठ्यावर किंवा त्यापलीकडे. शिवाय पाठांतरावर उभी असलेली परीक्षा निदान अंतर्विरोधमुक्त असते. तिच्यात वाचकच नसल्याने त्याचे दोन तुकडे होत नाहीत.

वाचनपत्रिकेतील प्रत्येक उताऱ्याखाली बारीक अक्षरांत मूळ ग्रंथाचा व लेखकाचा निर्देश असतो. त्या ओळीवर प्रश्न नसतो. वर पाचशे शब्दांत 'लेखक मान्य करील', 'लेखकाला अभिप्रेत आहे', 'लेखकाचा सूर' असे ज्याच्याविषयी विचारले जाते, तो कापून, जुळवून, परीक्षेसाठी बेतलेला लेखक असतो. खरा लेखक त्या ओळीत असतो, आणि त्याने कदाचित पुढच्याच प्रकरणात वाट चुकलेल्या प्रवाशाविषयी सविस्तर लिहिलेले असते.