शाब्दबोध, परिभाषा आणि यंत्राचे अनुमान

भाषाशास्त्र किंवा संस्कृत व्याकरण यांच्या अभ्यासातून प्रतीकाधिष्ठित कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळणारा आणि त्या विषयात प्रबंध लिहू इच्छिणारा मराठी विद्यार्थी आपल्या विषयाचे समर्थन करताना बहुधा एका लेखाचा आधार घेतो. अमेरिकेतील नासाच्या एम्स संशोधन केंद्राशी संबंधित असलेले रिक ब्रिग्ज यांनी तो ‘एआय मॅगझिन’ या नियतकालिकात १९८५ साली प्रसिद्ध केला. नैसर्गिक भाषा ही कृत्रिम भाषेचेही कार्य करू शकते, आणि ज्ञानाची मांडणी यंत्रासाठी कशी करावी याविषयी अलीकडे चाललेले बरेचसे काम भारतीय वैयाकरणांनी पूर्वीच करून ठेवले आहे, हे त्या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय. पुढे या लेखाभोवती एक आख्यायिका वाढली. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचे नासाने मान्य केले, असे ती सांगते. ब्रिग्ज यांनी असे म्हटलेले नाही. तेव्हा आख्यायिका बाजूस ठेवून मूळ प्रतिपादनाचीच परीक्षा करणे न्याय्य ठरेल. तिचे महत्त्व महाराष्ट्राला थोडे अधिक आहे. कारण ब्रिग्ज यांचा मुख्य आधार नागेशभट्टांची ‘मंजूषा’ हा आहे, आणि काळे या उपनावाचे हे वैयाकरण काशीस राहणारे महाराष्ट्रीय ब्राह्मण होते.

वैयाकरणांच्या ग्रंथांतून पुन्हापुन्हा येणारे चैत्राच्या ग्रामगमनाचे वाक्य ब्रिग्ज यांनीही घेतले आहे. विवेचनाच्या सोयीसाठी ‘ग्राम’ या सामान्य शब्दाच्या जागी सोलापूर जिल्ह्यातील, पंढरपूर तालुक्यातले करकंब हे गाव घेऊ, आणि वाक्य मराठीत ठेवू : ‘चैत्र करकंबला जातो.’ वैयाकरणांच्या रीतीने याचा शाब्दबोध साधारणपणे असा होईल : ज्याचा कर्ता एकत्वविशिष्ट चैत्राहून अभिन्न आहे आणि ज्याचे कर्म करकंबाहून अभिन्न आहे, असा संयोगाला अनुकूल असलेला वर्तमानकालीन व्यापार. येथे वाक्यातील प्रत्येक अर्थांश सुटा केलेला आहे, प्रत्येकाचा दुसऱ्याशी असलेला संबंध नावानिशी सांगितलेला आहे, आणि सर्वांच्या मध्यभागी क्रिया ठेवलेली आहे. संगणकासाठी रचल्या जाणाऱ्या अर्थजालातही क्रिया हा एक बिंदू, चैत्र व करकंब हे दुसरे बिंदू, आणि त्यांना जोडणाऱ्या ‘कर्ता’, ‘कर्म’ अशा नामांकित रेषा असतात. हे साम्य खरे आहे. क्विलियन यांची अर्थजालाची कल्पना आणि फिल्मोर यांचा कारकविषयक निबंध ही दोन्ही १९६८ सालची. क्रियेला स्वतंत्र वस्तू मानणारे डेव्हिडसन यांचे विवेचन १९६७ सालचे. या सर्वांच्या कितीतरी आधी क्रियाप्रधान वाक्यार्थाचा इतका काटेकोर विचार झाला होता, हे दाखवून देण्याचे श्रेय ब्रिग्ज यांना दिलेच पाहिजे.

मात्र साम्य दाखविल्याने तादात्म्य सिद्ध होत नाही. पहिला आक्षेप रेषांच्या अर्थाविषयी आहे. वुड्स यांनी १९७५ साली अर्थजालांवर नेमका हाच आक्षेप घेतला होता : रेषेला नाव दिले म्हणजे तिचा अर्थ सांगितला असे होत नाही. मराठीतील ‘ला’ हा प्रत्यय पाहावा. ‘चैत्र करकंबला जातो’ यात तो गंतव्य दाखवितो. ‘चैत्र करकंबला राहतो’ यात अधिकरण. ‘चैत्राने गाईला पाहिले’ यात कर्म. आणि ‘चैत्राला करकंब आवडते’ यात ज्याला अनुभव येतो तो. यावर कोणी म्हणेल की हा मराठीचा सैलपणा आहे, संस्कृतात तसे नाही. पण पाणिनीनेच गत्यर्थक धातूंच्या कर्माला द्वितीयेबरोबर चतुर्थीही सांगितली आहे. त्याहून महत्त्वाचे सूत्र १.४.४६ हे आहे : ‘अधि’ उपसर्गपूर्वक शी, स्था आणि आस् या धातूंच्या आधाराला तेथे कर्मसंज्ञा दिली आहे. म्हणजे गावात राहणाऱ्याचे गाव हे वस्तुतः आधार असूनही व्याकरणात कर्म ठरते. कारक ही व्याकरणाची संज्ञा आहे, लौकिक संबंधाचे नाव नव्हे, ही जाणीव सूत्रकारास पूर्ण होती. ब्रिग्ज यांच्या जालात मात्र ‘कर्म’ ही रेषा जणू जगातीलच एक संबंध आहे अशा रीतीने वापरली जाते. यंत्राने त्या रेषेवरून काय अनुमान करावे, हे त्यामुळे अनिर्णीत राहते.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. मांडणी ही अनुमानासाठी असते. स्वयंचलित अनुमानाचा इतिहास पाहिला तर प्रत्येक टप्प्यावर मांडणीबरोबर अनुमानाची रीतही आलेली दिसते. नेवेल, सायमन आणि शॉ यांच्या १९५६ च्या ‘लॉजिक थिअरिस्ट’ने ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’च्या दुसऱ्या प्रकरणातील पहिल्या ५२ सिद्धान्तांपैकी ३८ सिद्ध केले, रॉबिन्सन यांनी १९६५ साली एकच व्यापक अनुमाननियम देऊन या शास्त्राला पाया दिला, आणि १९३३ पासून अनिर्णीत असलेला रॉबिन्स-बीजगणिताचा प्रश्न मॅक्यून यांच्या प्रणालीने १९९६ साली सोडविला. ‘चैत्र करकंबला गेला’ या वाक्यावरून चैत्र आता पंढरपुरात नाही, त्याच्या अंगावरचा सदरा त्याच्याबरोबर गेला, आणि त्याचे घर मात्र होते तेथेच राहिले, हे सर्व कोणताही श्रोता न सांगता जाणतो. यंत्राला ते कोणत्या नियमाने कळावे? क्रियेने काय बदलले याबरोबर काय बदलले नाही हेही सांगावे लागणे, ही अडचण मॅकार्थी आणि हेज यांनी १९६९ साली स्पष्ट केली. शाब्दबोध या प्रश्नास उत्तर देत नाही. तो त्याचा दोषही नव्हे. वाक्यापासून होणाऱ्या बोधाचे स्वरूप सांगणे एवढेच त्याचे प्रयोजन आहे.

शिवाय शाब्दबोध एकच नाही. वैयाकरण व्यापाराला मुख्य मानतात, नैयायिक प्रथमान्त पदाच्या अर्थाला, तर मीमांसक भावनेला. एकाच वाक्याची ही तीन विवरणे असताना ‘यंत्राला अनुकूल’ कोणते, हा प्रश्न ब्रिग्ज वैयाकरणांचा पक्ष स्वीकारून टाळतात. वास्तविक प्रबंधाला योग्य असा विषय येथेच आहे. तिन्ही विवरणे तर्कशास्त्राच्या भाषेत उतरवून ती समानार्थक आहेत काय, आणि नसतील तर कोणत्या वाक्यापाशी त्यांची अनुमाने वेगळी होतात, याची सिद्धता यंत्राकडून तपासून घेता येईल. शतकानुशतके चाललेल्या वादात मतभेद केवळ प्राधान्याचा किती आणि अर्थाचा किती, हे त्यातून कळू शकेल.

नागेशभट्टांचा जो ग्रंथ या शास्त्राला सर्वांत जवळचा आहे, तो मात्र ब्रिग्ज यांच्या प्रतिपादनाच्या केंद्रस्थानी नाही. तो ग्रंथ म्हणजे ‘परिभाषेन्दुशेखर’. डेक्कन कॉलेजातील अध्यापक कीलहॉर्न यांनी तो मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत १८६८ ते १८७४ या काळात भाषांतरासह प्रसिद्ध केला. दोन नियम एकाच ठिकाणी लागू होऊ लागले तर कोणता बलवान मानावा, हा या ग्रंथातील एक प्रधान विषय आहे. पूर्व, पर, नित्य, अंतरंग आणि अपवाद यांत पुढचा पुढचा अधिक बलवान, हा त्यातील क्रम प्रसिद्ध आहे. सामान्य नियमाला अपवादाने बाधणाऱ्या तर्काची औपचारिक मांडणी रायटर यांनी १९८० साली केली; पण दोन सामान्य नियमांचा परस्परविरोध आला की त्या तर्कातून एकाहून अधिक निष्कर्षसमूह संभवतात, आणि त्यांतील ग्राह्य कोणता हे ठरविण्यासाठी बलाबलाचा क्रम बाहेरून आणावा लागतो. परिभाषांचा सारा प्रपंच त्या क्रमासाठीच आहे. अर्थात येथेही घाई नको. ज्ञापकाने सिद्ध झालेले वचन सर्वत्र लागतेच असे नाही, अशीही एक परिभाषा आहे. जो नियम कोठे लागत नाही हे उदाहरण पाहूनच कळते, तो यंत्राला देता येत नाही. परिभाषांपैकी किती खरोखर नियम आहेत आणि किती केवळ समर्थने, हा भेद करणे हेच संशोधकाचे पहिले काम होय.

हा विषय आज जिवंत आहे, याचे प्रमाण ऋषि राजपोपट यांच्या केंब्रिज विद्यापीठातील प्रबंधाने दिले. २०२२ साली तो प्रकाशात आला. विप्रतिषेधाविषयीच्या १.४.२ या सूत्रातील ‘पर’ या शब्दाचा अर्थ परंपरेने ‘अष्टाध्यायीत पुढे आलेला नियम’ असा केला. राजपोपट तो ‘उजवीकडील अंशावर होणारे कार्य’ असा करतात, आणि मग परिभाषांचा बराचसा भार अनावश्यक ठरतो असे त्यांचे म्हणणे आहे. वृत्तपत्रांनी याचे स्वागत केले, तर अनेक संस्कृतज्ञांनी आक्षेप घेतले. दोन्ही पक्ष निवडक उदाहरणांवर बोलत राहिले तर हा वाद मिटणार नाही. जवळजवळ चार हजार सूत्रे यंत्राला देऊन, दोन्ही अर्थांनी परंपरामान्य रूपे सिद्ध करून पाहणे हा एक मार्ग आहे. हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णी आणि फ्रान्समध्ये जेरार ह्यूए यांनी संस्कृताच्या यांत्रिक विश्लेषणाची जी साधने उभी केली, त्यांमुळे असा उद्योग आता स्वप्नवत राहिलेला नाही. तथापि त्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. अमुक अर्थाने रूपे चुकतात हे यंत्र दाखवील. रूपे बरोबर आली म्हणून सूत्रकाराला तोच अर्थ अभिप्रेत होता, हे ते दाखवू शकणार नाही. दोन भिन्न अर्थांनी एकच फल मिळणे संभवनीय आहे.

संभाव्यतेवर चालणाऱ्या भाषाप्रतिमानांच्या काळात असे नियमनिष्ठ संशोधन कालबाह्य झाले, असे एक मत ऐकू येते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अल्फाजिऑमेट्री’ या प्रणालीचे उदाहरण त्याच्या उलट आहे : भूमितीच्या सिद्धतेसाठी नवी रेषा वा बिंदू सुचविण्याचे काम तीत भाषाप्रतिमान करते, पण सिद्धतेची पायरी नियमाधिष्ठित अनुमानयंत्रानेच चढली जाते. सुचणे आणि सिद्ध होणे यांतील भेद आपल्या शास्त्रकारांना अपरिचित नव्हता.

ब्रिग्ज यांच्या लेखाने एक दार दाखविले, परंतु त्याच्या वाचकांपैकी बरेच जण दाराचेच कौतुक करीत राहिले. ‘हे आमच्याकडे पूर्वीच होते’ हे विधान प्रबंधाचा सिद्धान्त होऊ शकत नाही, कारण ते खोटे ठरण्याचा प्रसंगच त्यात नाही. उलट, अमुक परिभाषा गाळली असता अमुक रूप सिद्ध होत नाही, हे विधान लहान आहे. पण एका प्रतिउदाहरणाने ते कोसळू शकते, आणि म्हणूनच ते शास्त्राचे विधान आहे. नागेशभट्टांचा गौरव करावयाचा तर त्यांच्या एखाद्या परिभाषेला अशा कसोटीस लावणे, हाच त्याचा योग्य मार्ग ठरेल.