मॅडिसननं न मोजलेली गोष्ट

फेडरलिस्टमधला 51वा निबंध आपण आदरानं वाचतो. 1788 सालचा. मॅडिसनचं म्हणणं असं, की सत्ता विभागा आणि एकाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेसमोर उभी करा; मग माणसं देवदूत नसली तरी चालेल.

आम्हाला हे अर्धंच पटतं. सेनेटर सेनेटचा मान राखायला झटेल, हे त्यानं गृहीत धरलं. पण तो पक्षासाठीच झटायला लागला तर?

2016 बघा. फेब्रुवारीत न्यायमूर्ती स्कालिया गेले. मार्चमध्ये ओबामांनी मेरिक गार्लंड यांचं नाव पाठवलं. सेनेटनं ते फेटाळलं नाही. सुनावणीच घेतली नाही. कारण काय, तर निवडणुकीचं वर्ष! आणि 2020 मध्ये सेनेटमधल्या रिपब्लिकन बहुमतानंच एमी कोनी बॅरेट यांना मतदानाच्या आठ दिवस आधी मंजुरी दिली. राज्यघटनेचं एकही कलम मोडलं नाही बरं का. सेनेटची संमती हवी, एवढंच तिथं लिहिलंय. किती दिवसांत, ते नाही. ती मोकळी जागा रिवाजानं भरलेली होती, आणि रिवाज मोडला म्हणून कोर्टात जाता येत नाही.

रिवाज लिहून काढता येतो, हे खरं. दोन मुदतींनंतर पद सोडायचा वॉशिंग्टन यांचा पायंडा 1940 मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी मोडला, तेव्हा 1951 मध्ये 22वी घटनादुरुस्ती आली. पण सुनावणीचा रिवाज घटनेत घालायचा, तर दोन-तृतीयांश मतं सेनेटचीही लागणार. ज्या सभागृहानं तो मोडला, त्याचीच.