नवजात मेंदूतील रक्तस्राव आणि दाहशमन : एक चिकित्सा

प्रस्तावना
अपुऱ्या दिवसांच्या बालकाच्या मेंदूत द्रवपोकळ्यांलगत ‘जर्मिनल मॅट्रिक्स’ हा नाजूक रक्तवाहिन्यांचा थर असतो. तो फुटल्यास रक्त पोकळ्यांत उतरते. पपाईल व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये या रक्तस्रावाच्या चार श्रेणी सांगितल्या. मात्र हानी रक्तस्रावापाशी थांबत नाही. फुटलेल्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिन व लोह मेंदूतील संरक्षक पेशींना चेतवतात. दाह वाढतो, श्वेतद्रव्याची हानी होते आणि काही बालकांत जलशीर्ष उद्भवते. म्हणूनच ‘दाह कमी करा, मेंदू वाचेल’ हे सूत्र संशोधकांना आकर्षक वाटते. हे सूत्र पुराव्याच्या कसोटीवर कितपत उतरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘ड्रिफ्ट’ चाचणीचा बोध
ब्रिस्टलचे अँड्र्यू व्हाइटलॉ यांच्या ‘ड्रिफ्ट’ चाचणीत रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पोकळीत सोडून नंतर कृत्रिम द्रवाने पोकळ्या धुण्यात आल्या. हेतू असा की, दाहकारक घटकच बाहेर काढावेत. २००३ ते २००६ या काळात ७७ बालके घेतली गेली. उपचार गटात पुन्हा रक्तस्राव होण्याचे प्रमाण ३५ टक्के, तर तुलना गटात ८ टक्के आढळल्याने चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. शंट बसवण्याची गरजही कमी झाली नाही. पण दोन वर्षांनंतर चित्र पालटले. मृत्यू किंवा तीव्र अपंगत्व उपचार गटात ५४ टक्के, तर तुलना गटात ७१ टक्के होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यातही बौद्धिक लाभ टिकून होता. म्हणजे तात्कालिक निकषावर अपयशी ठरलेला उपचार बालकाच्या आयुष्याच्या निकषावर उपयुक्त ठरला. तथापि येथे एक तार्किक अडचण उरते. धुण्याने दाह कमी झाला, तसा दाबही कमी झाला. मग श्रेय कोणाला द्यावे? ही चाचणी त्याचे उत्तर देऊ शकत नाही.

प्रयोगशाळा आणि पाळणा
२०१७ मध्ये करीमी व सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, रक्तस्रावानंतरच्या दाहामुळे कोरॉइड प्लेक्सस अधिक द्रव स्रवतो. यावरून स्राव रोखणारी औषधे हितकारक ठरावीत, असे वाटते. परंतु १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७७ बालकांवरील चाचणीत अ‍ॅसिटाझोलामाइड व फ्युरोसेमाइड यांनी लाभाऐवजी अपायच केला होता. डेक्सामेथासोन हे तर प्रबळ दाहशामक. पण जन्मानंतर पहिल्या आठवड्यात दिल्यास त्याने सेरेब्रल पाल्सीचा धोका वाढतो. याउलट, लिगिन्स व होवी यांनी १९७२ मध्ये मांडलेला प्रसूतिपूर्व स्टेरॉइडचा उपचार रक्तस्रावाचाच धोका घटवतो. औषधाचा वर्ग एकच. वेळ बदलली की फळही बदलते.

समारोप
दाह हा निव्वळ शत्रू नाही. सांडलेले रक्त साफ करणेही त्याच पेशींचे काम आहे. त्यामुळे दाहदर्शक रेणूंची पातळी खाली आली, एवढ्यावर उपचाराचे यश घोषित करणे शास्त्रीय दृष्ट्या अपुरे ठरते. मूल बोलू लागले का, चालू लागले का, शाळेत रमले का, हेच खरे निकष होत. ते कळायला वर्षे लागतात. संशोधनाच्या निधीचे व मूल्यमापनाचे नियोजनही तितक्याच वर्षांचे असावयास हवे.