भय, अब्रू आणि ‘स्त्रीपुरुषतुलना’

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) या निबंधाकडे समतेच्या मागणीचा आद्य दस्तऐवज म्हणून पाहिले जाते. ते योग्यच आहे. परंतु त्यामुळे या संहितेतील तितकेच मूलगामी असे दुसरे सूत्र झाकोळले जाते. स्त्रीची सुरक्षितता म्हणजे काय आणि तिचे भय कोण घडवते, हा तो प्रश्न होय.

निबंधाचे निमित्त सर्वश्रुत आहे. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेस अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. या प्रकरणावरून वृत्तपत्रांत समस्त स्त्रीजातीच्या नीतीची चर्चा सुरू झाली. तिला उत्तर आले ते वऱ्हाडातील बुलढाण्याहून, सत्यशोधक बापूजी हरी शिंदे यांच्या कन्येकडून.

स्त्रीला धोका बाहेरच्या जगात आणि अभय घरात, अशी विभागणी रूढ समाजमन गृहीत धरते. ताराबाई ही विभागणीच उलटवतात. विधवेला घरात कोंडणारे, तिचे केशवपन करणारे, तिला मंगलप्रसंगी दूर ठेवणारे हात आप्तांचेच असतात. तिला फसवणारा पुरुष मात्र नामनिराळा राहतो. अब्रू नावाचे सामाजिक मूल्य एकट्या स्त्रीच्या देहावर लादले की बाहेरचा पहारा अनावश्यक ठरतो. लोकापवादाची धास्ती तिच्या मनातच पहारेकऱ्यासारखी वावरू लागते. अर्भकहत्या ही या दृष्टीने दुष्टतेची नव्हे, भीतीची परिणती ठरते. फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाने अशा स्त्रीला आसरा दिला. ताराबाईंनी तो आसरा शोधायला लावणाऱ्या व्यवस्थेलाच जाब विचारला.

‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणाचा त्यांनी घेतलेला समाचार याच संदर्भात पाहावा लागतो. स्त्री चंचल व कपटी आहे, असे साहित्याने पुनःपुन्हा सांगितले की तिच्यावरील संशय स्वाभाविक वाटू लागतो आणि तीही स्वतःकडे त्याच नजरेने पाहू लागते. साहित्य हे भयनिर्मितीचे एक साधन आहे, ही जाण स्त्रीवादी समीक्षेच्या कितीतरी आधीची आहे.

या विचाराला मर्यादा नाहीत असे नव्हे. पातिव्रत्याचा आदर्श ताराबाई पूर्णतः नाकारत नाहीत. एकाच धर्माचे बंधन दोघांवर समान असावे, एवढाच त्यांचा आग्रह अनेक ठिकाणी दिसतो. तथापि हा अंतर्विरोध व्यक्तिगत उणीव मानण्यापेक्षा भयाच्या खोलीचा पुरावा मानणे अधिक न्याय्य ठरेल. ज्या भाषेत स्त्रीला धाक घातला गेला, त्याच भाषेत तिला प्रतिवाद करावा लागला.

१८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून या लेखिकेची पाठराखण केली. त्यानंतर मात्र स. गं. मालशे यांनी १९७५ साली निबंध पुनःप्रकाशित करीपर्यंत तो जवळजवळ विस्मृतीत होता. ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही. निर्भयपणे बोललेल्या स्त्रीच्या वाट्याला आलेले हे मौन तिच्याच प्रतिपादनाला पुष्टी देते. म्हणूनच संरक्षणाची भाषा करणाऱ्या प्रत्येक संहितेला समीक्षेने विचारले पाहिजे: येथे रक्षण स्त्रीचे होते आहे, की तिच्यावरील मालकीचे?