शालेय विद्यार्थी आणि भूविज्ञान-संशोधन : एक चिकित्सा
(नाशिक जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
शालेय विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष संशोधनात सहभागी करून घ्यावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९९३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने १० ते १७ वयोगटातील मुलांना परिसरातील प्रश्न प्रकल्पासाठी निवडण्यास प्रवृत्त केले. २००८ व २००९ या वर्षांचा तिचा मुख्य विषय तर पृथ्वी हाच होता. या उपक्रमाचे शैक्षणिक मोल निर्विवाद आहे. तथापि, त्यातून भूविज्ञानाच्या हाती काय लागले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

विवेचन :
भूविज्ञानास दीर्घकालीन व अखंड नोंदी हव्या असतात. परिषदेचा मुख्य विषय मात्र साधारणतः दर दोन वर्षांनी बदलत आला. विद्यार्थी वरच्या इयत्तेत जातात आणि सादरीकरण संपताच नोंदवही मिटते. १९९४ मध्ये अमेरिकेत घोषित झालेल्या व २००० मध्ये भारताने स्वीकारलेल्या ‘ग्लोब’ कार्यक्रमाची रचना याहून भिन्न आहे. तेथे पर्जन्य, मृदा, पाणी यांच्या मापनपद्धती शास्त्रज्ञांनी निश्चित केलेल्या असून नोंदी सामायिक संग्रहात जमा होतात. परंतु विषय व पद्धती वरून ठरल्याने विद्यार्थी केवळ मापक उरण्याचा धोका संभवतो. एकीकडे प्रश्न मुलांचा, पण सातत्य नाही. दुसरीकडे सातत्य आहे, पण प्रश्न परका.

या दोहोंचा मेळ नाशिक जिल्ह्यात विहिरीच्या काठावर बसू शकतो. इगतपुरीत वर्षाला सुमारे ३००० मि.मी. पाऊस पडतो, तर सिन्नर-येवला पट्ट्यात ५०० मि.मी.च्या आसपास. येथील बेसाल्ट खडकात पाणी मुख्यतः भेगांत व विदीर्ण थरांत साठत असल्याने लगतच्या दोन विहिरींची पातळीही भिन्न असते. १९७२ मध्ये स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून ४ वेळा मोजते. दोन मापनांमधील चढउतार व निरीक्षणाबाहेरील विहिरी यांची नोंद शाळांना वजन बांधलेल्या फितीने, शिक्षकांच्या देखरेखीखाली, दर आठवड्यास घेता येईल. ‘शेजारची विहीर मार्चमध्ये आटते, आमची मेपर्यंत का टिकते?’ हा प्रश्न मुलाचा आहे आणि भूजलशास्त्रज्ञाचाही.

निष्कर्ष :
अशा सहभागास तीन अटी आवश्यक ठरतात : त्याच विहिरी एका तुकडीकडून पुढील तुकडीकडे सोपविल्या जाव्यात, शास्त्रज्ञांनी नोंदी तपासून त्यांचा अर्थ दरवर्षी वर्गात येऊन सांगावा, आणि नोंदींचे श्रेय शाळेस मिळावे. हा दुवा महाविद्यालयांतील भूगोल व भूशास्त्र विभागांनी सांधावयाचा आहे. अन्यथा बालसंशोधन हे प्रदर्शनातील तक्त्यापुरतेच मर्यादित राहील.