‘धरून देणे’ : मराठी बायबलमधील यहूदा आणि लोभाची भाषा

ख्रिस्तकथा मराठीत सांगण्याची परंपरा रायतूर येथे १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’इतकी जुनी आहे. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांशी झुंजत सामान्य स्त्रियांना कळेल असे बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. या परंपरेतील ओवी, तिची भक्तिपरता आणि धर्मांतराचा इतिहास यांची चर्चा बरीच झाली. मात्र लोभ आणि द्रोह या पापांना मराठीने कोणते शब्द दिले, याकडे तितक्या बारकाईने पाहिले गेलेले दिसत नाही.

येशूच्या बारा शिष्यांपैकी यहूदा इस्कर्योत याने चांदीच्या तीस नाण्यांसाठी गुरूला शत्रूच्या हाती दिले. या कृत्याला बोली मराठीत ‘विश्वासघात’ हा तयार शब्द होता, ‘घरभेदी’ ही त्याहून धारदार संज्ञाही होती. तरीही प्रचलित मराठी बायबलने यहूदाच्या संदर्भात ‘धरून देणे’ हे क्रियापद स्वीकारले. ही निवड वरवर रुक्ष वाटते. परंतु ती अचूक आहे. विश्वासघात ही मनातली घटना; धरून देणे ही हाताने, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी करावयाची कृती. यहूदाने विकले ते एवढेच : रात्री गुरू कोठे असतो याची माहिती आणि अंधारात त्याला ओळखता यावे म्हणून केलेली खूण. ती खूण चुंबनाची होती. जवळीक नसती तर विकण्यासारखे त्याच्यापाशी काहीच नव्हते.

मूळ ग्रीक क्रियापद ‘पारादिदोमी’ याचा अर्थ ‘हाती सोपवणे’. शिकवण पुढच्या पिढीला सोपवण्यासाठीही पौल हेच क्रियापद वापरतो. शुभवर्तमानांत ते एकट्या यहूदासाठी राखीव नाही. यहूदा येशूला मुख्य याजकांकडे सोपवतो, याजक पिलाताकडे सोपवतात, पिलात शिपायांकडे सोपवतो. तिन्ही ठिकाणी क्रियापद तेच. मराठीत मात्र यहूदा ‘धरून देतो’ आणि पिलात ‘स्वाधीन करतो’. ‘स्वाधीन करणे’ हा कचेरीतला शब्द आहे. त्यात कागद आहे, शिक्का आहे, पाप नाही. अनुवादाच्या या एका फटीतून साखळीतील वरच्या दोन कड्या अलगद निसटतात आणि सारे लांच्छन सर्वांत खालच्या मध्यस्थाच्या माथी येते. मराठी मनाला ही रीत अपरिचित नाही. वतनाच्या लोभाने रायगड शत्रूला दिला म्हणून सूर्याजी पिसाळाचे नाव शिवीसारखे वापरले जाते. त्या कथेची ऐतिहासिकता वादग्रस्त असूनही एका नावावर अवघ्या पराभवाचा भार टाकण्याची सोय लोकांना सोडवत नाही.

लोभाची रक्कमही तपासून पाहण्याजोगी आहे. ही नाणी सोराच्या टांकसाळीतील असावीत असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. त्या हिशेबाने तीस नाणी म्हणजे सुमारे एकशे वीस दिनार. एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे चार महिन्यांची मजुरी, जवळपास ऊसतोडीच्या एका हंगामाएवढी. निर्गम ग्रंथात बैलाने मारलेल्या दासाची भरपाईही तीस शेकेलच आहे. याउलट बेथानी येथे एका स्त्रीने येशूवर ओतलेल्या जटामांसीच्या तेलाची किंमत तीनशे दिनार सांगितली आहे. ते तेल विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत, हा प्रश्न योहान यहूदाच्या तोंडी घालतो आणि लगेच सांगतो की पैशाची थैली त्याच्याजवळ असे व तो चोर होता. गरिबांचे नाव घेऊन बोलणारा लोभ हा योहानाचा सर्वांत बोचरा शोध होय. मार्क मात्र यहूदाच्या हेतूविषयी गप्प राहतो. लूक सैतानाकडे बोट दाखवतो. मत्तयाचा यहूदा थेट विचारतो, मला काय द्याल?

मत्तयाच्या वृत्तान्तात पैसे आगाऊ मोजून दिले जातात. मार्क आणि लूक यांच्याकडे केवळ वचन आहे. वडवणीच्या वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघणाऱ्या कुटुंबांच्या या तालुक्यात ‘उचल’ म्हणजे काय हे सर्वांना ठाऊक आहे. अर्थात ही तुलना जपून करावयास हवी. मजूर भुकेपोटी उचल घेतो आणि स्वतःचे श्रम गहाण टाकतो. यहूदाने दुसऱ्याचा देह दिला. साम्य असेल तर ते साखळीत आहे. कारखाना मुकादमाला पैसे देतो, मुकादम कोयत्याला. तंटा झाला की मुकादमाचे नाव पुढे येते, कारखान्याचे क्वचितच. मुकादमही उचलीच्या हिशेबात अडकलेला असतो, ही गोष्ट त्याला निर्दोष ठरवीत नाही. यहूदाच्या बाबतीतही तसेच म्हणता येईल.

‘मोह’ या शब्दाचा प्रश्न याला जोडूनच येतो. प्रभूच्या प्रार्थनेतील ‘पैरास्मोस’ या ग्रीक शब्दासाठी प्रॉटेस्टंट मराठी परंपरेने ‘परीक्षा’ तर कॅथलिक परंपरेने ‘मोह’ हा शब्द रूढ केला. मूळ शब्दात दोन्ही अर्थ आहेत. ‘मोह’ म्हटले की दोष मोहित होणाऱ्याच्या मनात शिरतो. ‘परीक्षा’ म्हटले की परीक्षा घेणारी परिस्थितीही दृष्टीस पडते. यहूदाची कथा पहिल्या शब्दाने वाचली तर एका लोभी माणसाचे पतन दिसते. दुसऱ्या शब्दाने वाचली तर पैसे मोजणारे हातही दिसू लागतात.

मत्तयाला ते हात विसरता आलेले नाहीत. पश्चात्ताप झालेला यहूदा नाणी परत नेतो तेव्हा त्याचे आम्हांला काय, असे याजक म्हणतात. ज्यांनी ते पैसे दिले त्यांनाच ते मंदिराच्या भांडारात घेणे निषिद्ध वाटते, कारण ते रक्ताचे मोल आहे. मग त्या पैशांनी कुंभाराचे शेत विकत घेऊन परक्यांसाठी दफनभूमी केली जाते. प्रेषितांच्या कृत्यांत मात्र ते शेत यहूदानेच घेतले असे म्हटले आहे. दोन्ही वृत्तान्तांचा मेळ घालण्याचे प्रयत्न भाष्यकारांनी आजवर पुष्कळ केले आहेत; पण ते शेत कोणाच्या नावावर होते, हा वाद मुळात दोष कोणाच्या नावावर चढवावयाचा याचाच आहे.