सामायिक सर्व्हरवरील ऑफिस सॉफ्टवेअर : एक चिकित्सा

ऑफिस सॉफ्टवेअरची चर्चा आपल्याकडे बहुधा किमतीपाशी थांबते. त्याच्या स्थापनापद्धतीची चिकित्सा क्वचितच होते. प्रस्तुत टिपणात ओपनऑफिस डॉट ऑर्ग (आवृत्ती १.०, २००२) या मुक्तस्रोत संचाच्या नेटवर्कवरील स्थापनेचा विचार केला आहे.

ही स्थापना द्विस्तरीय होती. व्यवस्थापकाने '-नेट' हा पर्याय देऊन संपूर्ण संच सर्व्हरवर एकदा बसवायचा. त्यानंतर प्रत्येक वापरकर्त्याने तेथूनच सेटअप चालवून 'वर्कस्टेशन' हा प्रकार निवडायचा. स्थानिक डिस्कवर वैयक्तिक मांडणीच्या मोजक्या फायली येत. मूळ आज्ञावली सर्व्हरवरच राहे. जागेची बचत व एके ठिकाणी देखभाल हे या रचनेचे गुण निर्विवाद होत.

तथापि, उणीवही या गुणातच दडलेली आहे. सर्व्हर बंद पडला की दस्तऐवज स्वतःच्या डिस्कवर असूनही तो उघडणारी आज्ञावली हाती उरत नाही. पुढे २.० आवृत्तीत (२००५) ही पद्धत मागे पडली. मायक्रोसॉफ्टनेही ऑफिस २००७ पासून आपली 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह' स्थापना सोडली. परंतु ब्राउझरमधून चालणाऱ्या आजच्या सेवांनी तोच प्रश्न पुन्हा उभा केला आहे. आता तर सर्व्हर महाविद्यालयाच्या आवारातही नसतो.

सारांश, देखभाल केंद्रित असावी, साधन मात्र प्रत्येक संगणकावर पूर्ण असावे. परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रश्नपत्रिका छापणाऱ्यास बचतीचा हिशेब नव्हे, उघडणारी फाईल हवी असते.